छापखान्यातल्या काकांना, जाहीर आभार

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

समोर येऊन आभार मानले तर ‘हं, बरं बरं’ म्हणून तुम्ही विषय बदलणार. म्हणून हे जाहीर पत्र. नाव लिहीत नाही. नारायण पेठेत ज्यांनी ओळखायचं ते ओळखतीलच.

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या कोथरूडच्या सोसायटीत मुलांचं कॉमिक शिबिर ठेवलं होतं. टीव्हीवरचा जुना सुपरहिरो घ्यायचा आणि त्याची नवी गोष्ट कागदावर उभी करायची, एवढाच विषय. नमुना म्हणून मी ‘बॅटमॅन ६६’ नेलं होतं. अमेरिकेत १९६६ ते १९६८ या काळात चाललेल्या १२० भागांच्या मालिकेवरून डीसी या कॉमिक कंपनीने २०१३ साली काढलेलं कॉमिक. मधली इतकी वर्षं गेली कारण बॅटमॅन एकाचा, मालिका दुसऱ्याची. हक्कांच्या त्या त्रांगड्यापायी मालिका डीव्हीडीवर यायलासुद्धा २०१४ उजाडलं. हे सगळं मी मुलांना रंगवून सांगितलं. त्यांना त्यात काडीचाही रस नव्हता. त्यांचा प्रश्न एकच: रंग रेषेच्या बाहेर का गेलेत? आम्ही असं रंगवलं की बाई ओरडतात.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेजारच्या आजोबांनी तुमचं नाव सुचवलं. खिळे जुळवण्यापासून ऑफसेटपर्यंत सगळं केलेला माणूस, पण दुपारी एक ते चार फोन करू नका, अशी तंबीही दिली. तुम्ही आलात ते खिशात भिंग घालूनच.

पान उजेडाकडे तिरकं धरून तुम्ही आधी कागदावरून अंगठा फिरवलात. मग म्हणालात, “चार रंगांच्या चार प्लेटा एकमेकींवर नीट बसल्या नाहीत की रंग असा सरकतो. रजिस्ट्रेशन गेलं म्हणतात त्याला. आमच्याकडे असा फर्मा निघाला की मालक आधी मशीनमनकडे बघायचा.” पोरं खूश. चूक छापखान्याची ठरली होती. पण तुम्ही भिंग टेकवलंत आणि बराच वेळ काही बोललाच नाहीत.

नंतर एकेकाला बोलावून दाखवलंत. नुसत्या डोळ्यांना दिसणारे मोठे ठिपके जुन्या स्वस्त छपाईची नक्कल होते. भिंगाखाली त्या प्रत्येक ठिपक्याच्या पोटात खऱ्या छपाईचे बारीक ठिपके होते, निळे, गुलाबी, पिवळे, आपापल्या जागी चोख बसलेले. “छपाई एक नंबर आहे,” तुम्ही म्हणालात, “बिघाड चित्रकाराने काढलाय.” पहिल्या अंकातली ती चित्रं जोनाथन केसची. छापखान्याचा जो दोष झाकण्यात तुमची उमेदीची वर्षं गेली, तो त्याने मेहनतीने रेखाटला होता. यावर तुम्हाला राग यायला हवा होता. तुम्ही खो खो हसलात.

मला त्या कॉमिकबद्दल जे सांगायचं होतं ते तुमच्या भिंगाने सांगून टाकलं. जुनी मालिका परत आणताना हल्ली तिला गंभीर करायची, काळोखात बुडवायची फॅशन आहे. इथे जेफ पार्करने गोष्टी लिहिताना तिचा भडकपणा तसाच ठेवला, आणि तो सांभाळायला चोख काम केलं. मालिकेत हाणामारीच्या वेळी पडद्यावर ‘पॉव’, ‘बॅम’ उमटायचं ते कॉमिककडूनच उसनं आणलेलं. इथे ते आपल्या घरी परतलं. फक्त मालिकेत बॅटमॅन झालेल्या अॅडम वेस्टचा आवाज कागदावर येत नाही. भलतंसलतं वाक्यही तो ठार गंभीरपणे, मध्ये थांबत थांबत म्हणायचा. तो थांबा नसला की काही विनोद सपाट पडतात, असं माझं मत. तुमचं वेगळं होतं: “चेहरा बघा ना. हा हसत नाही म्हणून आपण हसतो.”

मालिकेत कधीच न आलेल्या टू-फेस या खलनायकाची गोष्ट मात्र तुम्हाला फार भावली. लेखक हार्लन एलिसनने मालिकेसाठी सुचवलेलं ते कथानक तेव्हा बनलंच नाही. पुढे २०१४ साली लेन वीनने त्याचं कॉमिक लिहिलं. “म्हणजे मजकूर एवढी वर्षं ड्रॉवरमध्ये?” एवढंच म्हणालात. तुमच्या ड्रॉवरमध्ये कोणाकोणाचं काय पडून आहे, हे एकदा विचारायचंय.

आणि शक्तिमान! एका मुलीने आईकडून ऐकून १९९७ चा तो दूरदर्शनवाला हिरो निवडला होता. तिची पानं चाळून तुम्ही विचारलंत, “हा गंगाधर पेपरात कामाला ना? मग छापखाना कुठाय?” तिने तीन पानं नव्याने काढली. शक्तिमान गरगर फिरतो आणि बंद पडलेलं मशीन चालू होतं, पेपर धडाधड निघतात. शिबिरातली सगळ्यात भारी गोष्ट तीच झाली, आणि मशीनचे रूळ कसे फिरतात हे तुम्ही पाटीवर काढून दाखवल्यामुळे ती खोटीही वाटत नाही.

बाकी बारीकसारीक खूप होतं. चौकट तिरकी काढा, पण फुग्यातली अक्षरं सरळच ठेवा. कडेला अर्धा इंच सोडा, झेरॉक्स मशीन कडा खातं. ट्रेसिंग पेपरवर एकेक रंग वेगळा काढून तुम्ही एकावर एक ठेवायला शिकवलंत, तेव्हापासून आमच्याकडची पोरं मुद्दाम रंग सरकवतात आणि वर ‘रजिस्ट्रेशन गेलं’ म्हणतात. बाईंचं काय होणार कोण जाणे.

मानधनाचं पाकीट तुम्ही परत केलंत, ते सेक्रेटरींनी माझ्याकडेच ठेवलंय. मुलांना दिवाळीच्या सुट्टीत तुमच्याकडून स्क्रीन प्रिंटिंग शिकायचंय. त्या पैशांत जाळी, शाई आणि ती जाळीवरून ओढायची स्क्वीजी आणावी म्हणतो. कुठली जाळी घ्यायची ते सांगा. फोन चारनंतर करतो.

आपला नम्र,
शिबिरवाला