ओल्या हातांची टचस्क्रीन

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचा आराखडा मिळाला. हातात धरून वापरायच्या पाणी-तपासणीच्या उपकरणाला कोणत्या प्रकारची टचस्क्रीन लावावी, असे तू विचारले आहेस आणि ‘मोबाइलसारखी’ या शब्दाखाली दोनदा रेघ ओढली आहेस. त्या रेघेपाशीच मी थांबलो. मोबाइल आपण बहुतेक वेळा कोरड्या, उघड्या बोटाने वापरतो. तुझे उपकरण मात्र काठावर वाकून नमुना भरणाऱ्या माणसाच्या हाती जाणार आहे. त्याचे हातमोजे ओले असतील, दुसऱ्या हातात बाटली असेल आणि डोक्यावर ऊन असेल. टचस्क्रीनची निवड या हातापासून सुरू करावी असे माझे मत आहे, आणि ते मला फुकट मिळालेले नाही.

काही वर्षांपूर्वी मी प्रयोगशाळेतल्या एका यंत्राचे काम करत होतो. पाणी ठरावीक तापमानाला धरून ठेवणे, एवढेच त्या यंत्राचे काम. मोबाइलसारखी, बोटाच्या विद्युत परिणामावर चालणारी कपॅसिटिव्ह टचस्क्रीन मीच निवडली होती. माझ्या टेबलावर सगळ्या चाचण्या पार पडल्या, आणि यंत्र बाहेर पडल्यावर पहिलीच तक्रार आली की ते आपणहून तापमान वाढवते. माझा विश्वास बसेना, म्हणून प्रत्यक्ष जाऊन यंत्रासमोर उभा राहिलो. झाकण उघडले की वाफ काचेवर जमायची, दोनतीन थेंब एकमेकांत मिसळून जड व्हायचे आणि वरच्या धातूच्या चौकटीपासून एक ओघळ सुटून थेट ‘अधिक’च्या बटणावरून खाली यायचा. 37 चे 38 झाले, 38 चे 39 झाले. कोणीही बोट लावलेले नव्हते. टेबलावरच्या चाचणीत मी पाणी सोडून सगळे तपासले होते, आणि पाण्याच्याच यंत्राने मला तोंडघशी पाडले.

असे का घडले ते समजून घेतलेस तर निम्मा निर्णय आपोआप होईल. मोबाइलमध्ये असते त्या प्रकारच्या कपॅसिटिव्ह पॅनेलमध्ये काचेखाली पारदर्शक वाहक पट्ट्यांची उभी-आडवी जाळी असते, आणि जिथे पट्ट्या एकमेकींना ओलांडतात तिथली धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, कंट्रोलर नावाची चिप सतत मोजत असते. बोट जवळ आले की त्या ठिकाणच्या विद्युतक्षेत्राचा काही भाग बोटातून निघून जातो आणि धारिता किंचित घटते. हा बदल पिकोफॅरडच्या (धारितेच्या एका अतिशय लहान एककाच्या) अंशाइतका सूक्ष्म असतो. काचेवर एकटाच बसलेला थेंब बहुधा उलट्या दिशेचा बदल घडवतो, त्यामुळे चांगला कंट्रोलर त्याला ओळखून दुर्लक्षित करतो. पण थेंबाची शेपटी अर्थिंग असलेल्या चौकटीला किंवा उपकरण धरलेल्या हाताला टेकली की तोच थेंब बोटासारखा वागू लागतो. माझ्या यंत्रात नेमके हेच होत होते, आणि त्यात भर म्हणजे कंट्रोलरची सेटिंग मी कारखान्यातून आली तशीच ठेवली होती. तुझ्या बाबतीत मेख अशी की पाणी जितके खारट तितके ते अधिक वाहक, आणि तू तर खाऱ्या पाण्याचेही नमुने तपासणार आहेस.

हातमोज्यांचेही तसेच आहे. पातळ नायट्राइल मोज्यातून कपॅसिटिव्ह पॅनेल सहसा चालते, पण जाड रबरी मोज्यात बोट आणि काच यांच्यातले अंतर वाढल्यामुळे संकेत क्षीण होतो. मग संवेदनशीलता वाढवावी, तर तेच पॅनेल ओघळालाही बोट समजू लागते. उत्तम कंट्रोलर ही कसरत बऱ्यापैकी सांभाळतात. मात्र त्यासाठी अंतिम काच, अंतिम चौकट आणि अंतिम डिस्प्ले एकत्र बसवून फर्मवेअर (कंट्रोलरमधले सॉफ्टवेअर) पुन्हा जुळवावे लागते, आणि नंतर काच अर्ध्या मिलिमीटरने जाड केलीस तरी ते काम पहिल्यापासून करावे लागते.

आता दाबावर चालणाऱ्या रेझिस्टिव्ह पॅनेलकडे ये. तुझ्या पत्रात तू त्याला ‘जुनाट’ म्हणून एका ओळीत निकालात काढले आहेस, ते मला पटले नाही. काळाचाच हिशेब करायचा, तर बोटाने चालणाऱ्या कपॅसिटिव्ह पडद्याचे वर्णन ब्रिटनमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी 1965 मध्येच प्रसिद्ध केले होते आणि सर्न या युरोपातल्या कण-भौतिकी प्रयोगशाळेच्या नियंत्रण कक्षात असे पडदे 1970 च्या दशकात वापरात होते. रेझिस्टिव्ह पॅनेल ज्यांच्या नावाशी जोडले जाते त्या सॅम्युएल हर्स्ट यांनी आपली कंपनीच 1971 मध्ये काढली. त्यामुळे वयावरून निवड करायला गेलास तर उत्तर भलतेच येईल.

रेझिस्टिव्ह पॅनेलची रचना सरळ आहे. खाली काच, वर लवचीक फिल्म, दोन्हींच्या समोरासमोरच्या बाजूंवर पारदर्शक वाहक लेप, आणि दोघींना वेगळे ठेवणारे डोळ्यांना सहज न दिसणारे बारीक ठिपके. दाब पडला की दोन लेप टेकतात आणि विद्युतदाबाच्या विभागणीवरून जागा कळते. दाबणारी वस्तू मोज्यातले बोट आहे, पेनचे टोपण आहे की नख, याची पॅनेलला फिकीर नसते, आणि नुसत्या ओघळत्या थेंबात फिल्म दाबण्याइतका जोर नसतो. उणिवा अर्थात आहेत. दोन बोटांनी चित्र मोठे करणे साध्या रेझिस्टिव्ह पॅनेलवर जमत नाही, आणि वाळूचा कण ओल्या मोज्याखाली घासला गेला की फिल्मवर ओरखडा उठतो. चार तारांच्या प्रकारात वरच्या फिल्मवरचा लेपही मोजमापात भाग घेतो. तो वारंवार वाकून तडकला की स्पर्शाची जागा सरकते आणि कॅलिब्रेशन (जागेची जुळणी) पुन्हा करावे लागते. पाच तारांच्या प्रकारात मोजमापाचा सारा भार खालच्या काचेवर असतो, म्हणून तो कितीतरी जास्त टिकतो. तुझ्या आकारात पाच तारांचे पॅनेल मिळत असेल तर तेच घे.

उन्हाचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. हवा आणि काच जिथे भेटतात त्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे 4 टक्के प्रकाश परत फिरतो. कपॅसिटिव्ह पॅनेल डिस्प्लेला पारदर्शक गोंदाने सलग चिकटवता येते, त्यामुळे मधले पृष्ठभाग जवळजवळ नाहीसे होतात आणि उन्हात आकडे स्वच्छ दिसतात. रेझिस्टिव्हच्या पोटात हवेची फट असावीच लागते. तिच्याशिवाय ते चालणार नाही. त्यावर उपाय म्हणून वर्तुळाकार ध्रुवक, म्हणजे परत फिरणारा प्रकाश अडवणारा थर, बसवलेली पॅनेल मिळतात. ती परावर्तन बरेच दाबतात, पण डिस्प्लेचाही प्रकाश खातात आणि मग बॅकलाइट वाढवावा लागून बॅटरी लवकर संपते. म्हणून मी तुझ्या जागी असतो तर उन्हाच्याच प्रकाशाने उजळणारा, परावर्तक जातीचा डिस्प्ले आधी पाहिला असता. रंग फिके दिसतील, पण तुला चारच आकडे आणि एक आलेख दाखवायचा आहे.

इन्फ्रारेड आणि ध्वनिलहरींच्या पॅनेलांची माहिती तू विचारली आहेस, पण त्यांचा विचार इथे नको. पहिल्याला चौकटीतली धूळ आणि थेट ऊन सोसत नाही, दुसऱ्याला काचेवरचे पाणी.

माझा कौल असा: पाच तारांचे रेझिस्टिव्ह पॅनेल, त्यावर बदलता येणारी संरक्षक फिल्म, बोटाच्या पेराहून मोठी बटणे, आणि ‘नमुना घ्या’ व ‘थांबा’ या दोन कामांसाठी खऱ्याखुऱ्या, दाबल्यावर हाताला कळणाऱ्या रबरी कळा. दुधाने तोंड पोळलेला मी ताकही फुंकून पितो आहे असे तुला वाटेल, आणि त्यात थोडे तथ्यही आहे. म्हणून नुसते माझे ऐकू नकोस. दोन्ही प्रकारांचे नमुना-संच मागव, प्लास्टिकच्या डब्यात बसव आणि मिठाचे पाणी भरलेल्या बादलीशेजारी ज्यांना ते वापरायचे आहे अशा दोघातिघांच्या हातात दे. कपॅसिटिव्हची चाचणी चार्जर जोडूनही घे, कारण हलक्या चार्जरच्या विद्युत गोंगाटाने बोट नसलेल्या जागी स्पर्श उमटलेले मी पाहिले आहेत. आणि त्या वेळी तू शेजारी उभा राहून काही सांगू नकोस. फक्त ते मोजा काढतात का, एवढे पाहा.

साच्याची ऑर्डर अजून दिलेली नसेल तर दोन आठवडे थांब. चौकटीचा काटछेद आणि तुमच्याकडे वापरतात तो मोज्यांचा एक जोड मला पाठव. फिल्मच्या कडेला पाणी झिरपू नये म्हणून गॅस्केट (कडेचा रबरी पट्टा) किती दाबला जावा, ते मी इथे करून पाहतो आणि तुला कळवतो.

तुझा,
अविनाश