आईच्या आरोग्य विम्यातील चुकीचे जन्मवर्ष आणि न झालेली दुरुस्ती याबाबत तक्रार

दिनांक : 3 नोव्हेंबर 2025
मुलुंड (पूर्व), मुंबई

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग, मुंबई

महोदय,

माझ्या आईची आपल्या कंपनीकडे ऑक्टोबर 2013 पासून आरोग्य विम्याची पॉलिसी आहे आणि बारा वर्षांत तिचा एकही हप्ता चुकलेला नाही. यंदाच्या नूतनीकरणाच्या सूचनेत मात्र हप्ता 31,460 रुपयांवरून एकदम 1,12,300 रुपयांवर गेला. आईचा जन्म 4 ऑगस्ट 1963 चा असताना सूचनेत 1936 छापले गेले आहे आणि आपल्या प्रणालीने 62 वर्षांच्या बाईंना 89 वर्षांच्या ठरवून त्या वयाचा दर लावला आहे.

दिनांक 10 ऑक्टोबर रोजी मी आपल्या दादर शाखेत गेले, तेव्हा जुने कागदी अर्ज नव्या प्रणालीत पुन्हा टाइप करून घेतल्याचे समजले. हजारो अर्ज टाइप करणाऱ्या माणसाच्या हातून दोन आकडे उलटसुलट होणे मी समजू शकते आणि त्या कर्मचाऱ्यावर कारवाई व्हावी, अशी माझी मुळीच मागणी नाही. पण त्याच सूचनेत जन्मतारखेच्या दोनच ओळी खाली 'प्रथम विमा : 2013, त्या वेळचे वय : 50' असेही छापलेले आहे. 1936 साली जन्मलेली व्यक्ती 2013 साली 50 वर्षांची असू शकत नाही, ही वजाबाकी प्रणालीला करायला कोणी सांगितलेच नाही. आधार क्रमांकाचा शेवटचा आकडा केवळ पडताळणीसाठी असतो आणि त्यामुळे शेजारचे दोन आकडे उलटले तर तो क्रमांक स्वीकारलाच जात नाही. जन्मतारखेला असा राखणदार नसतो, म्हणूनच तिथे दुसरी नोंद ताडून पाहणे आवश्यक होते.

हे मी आईच्या अनुभवावरून लिहीत आहे. ती फोर्टमधील एका कार्यालयात पंच ऑपरेटर होती, म्हणजे संगणकासाठीची माहिती कार्डांवर छिद्रे पाडून नोंदवीत असे. एकीने पंच केलेले कार्ड दुसरी ऑपरेटर व्हेरिफायर या पडताळणी यंत्रात घालून तीच माहिती पुन्हा टाइप करीत असे आणि आकडा जुळला नाही की यंत्र तिथेच थांबत असे. आज इतकी वेगवान साधने हाताशी असताना ती दुसरी नजरच व्यवस्थेतून काढून टाकली गेली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

माझी खरी तक्रार त्यापुढची आहे. शाखेतील कर्मचाऱ्याने आईचे आधार कार्ड आणि मूळ अर्जावरील तिच्या हातचे स्वच्छ '1963' दोन्ही पाहिले, चूक मान्य केली आणि म्हणाला, "मॅडम, मला दिसतंय, पण सिस्टीम एडिट घेत नाही." ईमेलने पाठवलेल्या तक्रारीला चार मिनिटांत उत्तर आले की आपली विनंती निकाली काढण्यात आली आहे, पण जन्मवर्ष 1936 च राहिले. पुढे 15 ऑक्टोबरला प्रणालीने आईच्या खात्यातून 1,12,300 रुपये वळते करण्याचा प्रयत्न केला. ती रक्कम बँकेला दिलेल्या 50,000 रुपयांच्या मर्यादेपेक्षा जास्त असल्याने व्यवहार परत गेला आणि बँकेने आईकडूनच शुल्क कापले. आता 'पॉलिसी बंद होणार' असे संदेश रोज येतात.

वार्षिक हप्त्यासाठीची 30 दिवसांची सवलतीची मुदत 17 नोव्हेंबरला संपते. आईला मधुमेह आहे. पॉलिसी खंडित झाली, तर नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा करावी लागू शकते आणि सलग 60 महिन्यांनंतर मिळणारे संरक्षणही (फसवणूक वगळता, माहिती दिली नाही या कारणावरून दावा नाकारता येत नाही) तिच्या हातून जाईल. ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता वर्षात 10 टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल, तर विमा कंपनीने आधी विमा नियामकाशी सल्लामसलत करावी, असा आदेश जानेवारी 2025 मध्ये निघालेला असताना साडेतीन पटींहून मोठी वाढ कोणाच्याही नजरेखालून न जाता ग्राहकापर्यंत कशी पोहोचली, याचेही उत्तर मला हवे आहे.

तरी जन्मवर्ष दुरुस्त करून योग्य हप्त्याची नवी सूचना 10 नोव्हेंबरपर्यंत द्यावी, पॉलिसी 2013 पासून अखंड असल्याचे लेखी कळवावे आणि बँकेने कापलेले शुल्क परत करावे. नोंद बदलण्याचा अधिकार ज्यांना आहे, अशा एका अधिकाऱ्याचे नाव व थेट दूरध्वनी क्रमांकही मला कळवावा. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी मुंबईच्या विमा लोकपालांकडे दाद मागेन.

मूळ अर्ज, आधार कार्ड, नूतनीकरणाची सूचना व बँकेचे विवरण यांच्या प्रती आणि आईचे अधिकारपत्र सोबत जोडले आहे. आई रोज सकाळी दहानंतर घरी असते. खात्री करायची असल्यास कृपया तिच्याशी माणसाने बोलावे.

आपली विश्वासू,
पॉलिसीधारकाची मुलगी व अधिकृत प्रतिनिधी