सूत कुठं पडलंय, हे विचारणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका असं तुम्हीच बजावलंत. कंपनीचं नाव लिहिलं तर लोक म्हणतील, यानं जाहिरातीचे पैसे घेतले. तेव्हा दोन्ही गाळतो, पण आमच्या कारखान्यात मालाच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवून दिलंत, त्याचे आभार चारचौघांतच मानतो.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा कारखाना असला की सॉफ्टवेअर विकणारे येतच असतात. लॅपटॉप उघडतात, रंगीत आलेख दाखवतात आणि विचारतात, "प्रॉडक्ट किती तुमचे?" तुम्ही बसल्या बसल्या विचारलंत, "काका, सूत आत्ता कुठं कुठं पडलंय?" तेव्हा कुठं आमच्या दिवाणजींनी वहीतून मान वर केली.

आमच्या धंद्याचं सगळं दुखणं त्या एका प्रश्नात आहे. सूत किलोनं येतं आणि टॉवेल डझनानं विकला जातो. मधे ते डाइंगला, म्हणजे रंगवायला जातं, तिथून वार्पिंगला, म्हणजे उभे धागे रुळावर गुंडाळायला, मग तो रूळ, म्हणजे बीम, मागावर चढतो, पुढं शिलाई, मग पॅकिंग. टेरीला ताणेही (उभे धागे) दोन, एक जमिनीचा आणि एक पाईलचा, म्हणजे वर दिसणाऱ्या फाशांचा, शिवाय बाणा (आडवा धागा) वेगळा. रंगवताना वजन बदलतं, मागावर वेस्टेज निघतं. माल आमचा, पण तो असतो निरनिराळ्या लोकांच्या दारात. त्यात जीएसटीचा नियम असा, की जॉबवर्कला, म्हणजे बाहेर काम करून घ्यायला दिलेलं सूत वर्षाच्या आत परत आलं नाही तर ते पाठवलं त्याच दिवशी विकलं असं धरतात. सोलापुरी टॉवेलला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, आणि त्याचा हिशेब आम्ही खिशातल्या चिठ्ठ्यांवर ठेवत होतो.

तुम्ही प्रत्येक डाइंगवाल्याला आणि वार्पिंगवाल्याला सॉफ्टवेअरमध्ये एकेक गोडाऊन करून टाकलंत. माल पाठवल्याचं चलन फाडलं की सूत या गोडाऊनमधून त्या गोडाऊनला. टॉवेलच्या वजनावरून किलोचे डझन, आणि वेस्टेजची नोंद वेगळी, म्हणजे घट कुणाकडं जास्त येते तेही दिसतं. एका वेळी रंगवलेल्या सुताचा लॉट नंबर तर तुम्ही हट्टानं घालायला लावलात. त्याची किंमत नंतर कळली. एकाच ऑर्डरमध्ये मरून रंगाचा माल दोन वेगळ्या लॉटमधला गेला, की छटेत फरक दिसतो; गिऱ्हाईक दोन टॉवेल शेजारी ठेवून फोटो पाठवतं, आणि त्यावर बोलायला काही उरत नाही. आता पॅकिंगच्या आधीच लॉट बघतात.

पडद्यावरचे शब्दही तुम्ही दिवाणजींच्या वहीतलेच ठेवलेत. त्यामुळं त्यांना शिकवायला फारसं काही उरलंच नाही.

क्लाउड, म्हणजे हिशेब इंटरनेटवरून कंपनीच्या कॉम्प्युटरवर राहणार म्हटल्यावर दिवाणजींनी सरळ विचारलं होतं, "आपला हिशेब दुसऱ्याच्या कपाटात कशाला ठेवायचा?" तुम्ही हसला नाहीत. उद्या तुमची कंपनी सोडायची ठरवली तर सगळा डेटा एक्सेलमध्ये कसा काढून घ्यायचा, ते तिथंच करून दाखवलंत. मग कुणाला काय दिसेल ते ठरवलंत. मागावरच्या जॉबरच्या (मुकादमाच्या) मोबाइलवर स्टॉक दिसतो, दर दिसत नाही. कुणी नोंद बदलली तर कधी बदलली आणि आधी आकडा काय होता, हेही राहतं. विकणारा माणूस बाहेर पडायचा दरवाजा आधी दाखवतो, हे मी धंद्यात प्रथमच पाहिलं. शिवाय पगाराचं आणि मार्केटिंगचं मॉड्यूल "तुम्हाला आत्ता नको" म्हणून काढूनही टाकलंत. (दर वर्षी भाडं भरायचं हे मला अजूनही रुचत नाही. तुमचे आभार मानतोय म्हणून ते लपवणार नाही.)

व्यापाऱ्यांकडच्या येणेबाकीचं तर मी विचारलंही नव्हतं. तुम्ही बिलावर आमचा उद्यम नंबर, म्हणजे लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचा नंबर, छापायला लावलात आणि सांगितलंत, की सूक्ष्म किंवा लघु कारखानदाराचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचं. मुदत चुकली, तर १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीप्रमाणं, पैसे प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी व्यापाऱ्याला तो खर्च धरता येतो. कुणाकडं किती दिवसांची बाकी, ही यादी आता मी सोमवारी चहाबरोबर वाचतो. सगळे व्यापारी सुधारले असं नाही. पण मार्च जवळ आला की काही जण आपणहून फोन करतात. पूर्वी आम्ही करायचो आणि ते उचलायचे नाहीत.

एवढं सगळं तुमच्या कामाच्या यादीत नसणार, हे मला कळतं. 'चालू करून दिलं' अशी सही घेऊन तुम्ही दुपारीच निघाला असतात तरी कुणी काही म्हटलं नसतं.

एक विचारायचं राहिलं. शेजारच्या गाळ्यातले दोघं तुमचा नंबर मागतायत. देऊ का? एक चादरवाला आहे, एक युनिफॉर्म शिवतो. सूत आणि कापड कुठं पडलंय, हे दोघांनाही सांगता येत नाही.

आपला,
एक टॉवेलवाला, सोलापूर