१५ ऑक्टोबरच्या वाचनगप्पा: सूचना

वाचक मंडळींनो, नमस्कार.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती, म्हणजे १५ ऑक्टोबर, आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी रात्री साडेआठला आपण ग्रुपवरच वाचनगप्पा ठेवल्या आहेत. विषय : कोकणात घडणारं, तुम्हाला मनापासून आवडलेलं एक पुस्तक.

पुस्तक जुनं असलं तरी चालेल. श्री. ना. पेंडसे यांची दापोलीकडची कादंबरी ‘गारंबीचा बापू’ १९५२ सालची, पण आजही नव्या वाचकाला ती कुणीतरी हातात द्यावी लागते. ते काम आपलंच.

– पुस्तक, लेखक, प्रकाशक ही नावं आधी लिहा. दुकानात विचारताना तीच लागतात.
– ‘छान आहे, जरूर वाचा’ एवढ्यावर थांबू नका. कुठल्या पानाशी थबकलात, कुठे कंटाळलात, तेही सांगा. नावडलं असेल तर मोकळेपणाने लिहा, फक्त लेखकावर घसरू नका.
– शेवट फोडू नये.
– पुस्तकांच्या पीडीएफ टाकू नयेत. हा नियम कायमचा आहे, लेखकाचं पोट पुस्तकांच्या विक्रीवर असतं.

रेंज जाते त्या वाडीतल्यांनी दोन-तीन मिनिटांचा आवाजी निरोप दुपारीच पाठवून ठेवावा. मालवणीत किंवा संगमेश्वरीत बोललात तर जास्तच आवडेल. घरातल्या आजी-आजोबांनाही बोलतं करा.

आणि हो, पावसाळ्यात कपाटात दमट झालेली पुस्तकं आता बाहेर काढा. बुरशी कोरड्या फडक्याने पुसा, सावलीत वारा द्या, कडक उन्हात नको. त्यातलंच एखादं सुचवता येईल.

बोलणाऱ्यांनी १२ तारखेपर्यंत नाव कळवावं.