डाव्या दाराचा पोचा

स्टुटगार्ट,
११ मे २०२५

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

दोन्ही गाड्यांचे फोटो मिळाले. काल रात्री लॅपटॉपवर मोठे करून पुन्हा पुन्हा बघितले. फोनवर आवाज तुटतो आणि निम्मं बोलणं राहून जातं, म्हणून सविस्तर लिहितेय.

माझं मत आधीच सांगते. मुंबई नाक्याजवळच्या डीलरकडची ती चकचकीत स्विफ्ट नको. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांची वॅगन-आर घ्यावी, पण एक गोष्ट नीट तपासल्यावरच.

आई, तुझं म्हणणं मला कळतं. इतक्या वर्षांनी दारात पहिली गाडी येणार, तिला हार घालायचा, पेढे वाटायचे, आणि वॅगन-आरची डावीकडची दोन्ही दारं चेमटलेली. जेलरोडची सगळी बिल्डिंग बघणार. पण गाडी आपण घेतोय ती तुझ्या गुडघ्यासाठी. रिक्षाची पायरी चढताना तुझा चेहरा कसा होतो ते मी दिवाळीत बघितलंय. वॅगन-आरची सीट उंच आहे, त्यात नुसतं टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. स्विफ्टमध्ये खाली वाकून बसावं लागतं आणि उठताना सगळा भार गुडघ्यावर येतो. पोचा नसता तरी मी वॅगन-आरच म्हटलं असतं.

बाबा, आता स्विफ्टबद्दल. तुम्ही नोट प्रेसमध्ये इतकी वर्षं छपाईतला बारीकसा दोष नजरेनं पकडलात. त्याच नजरेनं तो समोरचा फोटो पुन्हा बघा. बॉनेट आणि उजव्या हेडलाइटमधली फट बारीक आहे, डाव्या बाजूला बोट जाईल एवढी. डावा हेडलाइट काचेसारखा लख्ख, उजवा पिवळसर पडलेला. डाव्या फेंडरवर, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर, खांबाचं प्रतिबिंब पडलंय ते वाकडंतिकडं दिसतं, तिथला पत्रा सपाट नाही. मला वाटतं ही गाडी डाव्या कोपऱ्यावर जोरात धडकलेली आहे आणि लांबी, म्हणजे पोचे बुजवायची पुट्टी, भरून वरून रंग मारलाय. डीलर "एक खरचटासुद्धा नाही" म्हणतो, तिथेच माझा विश्वास उडाला.

खात्री करायची असेल तर मी पाठवलेला फ्रिजवरचा लोहचुंबक घेऊन जा. पातळ फडक्यात गुंडाळून फेंडरवर ठेवा. पत्र्याला तो चिकटतो, लांबीचा थर जाड असेल तिथे घसरतो. बंपर प्लास्टिकचा असतो, तिथे ठेवून उपयोग नाही. बॉनेट उघडून फेंडरचे बोल्ट बघा, पाना लागल्यावर त्यांच्या डोक्यावरचा रंग उडालेला असतो. काचांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत कंपनीचं नाव आणि साल कळेल असा कोड असतो. सगळ्या काचा एका सालच्या आणि एकच वेगळी निघाली, तर ती का बदलली हे विचारायचं.

आणि पाणी. दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं ते बघून पूर मोजणारी नाशिकची माणसं आपण, आपल्याला हे वेगळं सांगायला नको. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीनं काय केलं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. जुनी गाडी कुठली का असेना, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला गाळाची रेघ असते. सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंज बघा, डिकीतली स्टेपनी काढून खालच्या खोबणीत हात फिरवा. पाण्यात बुडालेली गाडी बाहेरून नव्यासारखी करता येते, तिचं वायरिंग मात्र पुढे वर्षानुवर्षं त्रास देतं.

काकांच्या गाडीचा पोचा समोर दिसतोय. त्यांच्या मुलानं गेटच्या खांबाला घासली, वॉचमननं पाहिलं, सगळ्यांना माहीत आहे. इन्शुरन्समधून का करून घेतली नाही, असं तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. त्यांचं उत्तर मला पटलं. सलग पाच वर्षं क्लेम नसला की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर ५० टक्के सूट मिळते, आणि ही सूट गाडीला नाही, माणसाला असते. ते नवी गाडी घेतायत, तिला ती लागू होईल. दोन दारांसाठी ती कोण घालवेल? अर्थात आपल्याला ती सूट मिळणार नाही, प्रीमियम पूर्ण भरावा लागेल, एवढं हिशोबात धरा.

आता ती एक गोष्ट. पुढच्या आणि मागच्या दाराच्या मध्ये जो उभा खांब असतो, ज्याला आपला सीटबेल्ट अडकवलेला असतो, त्याला धक्का लागलाय का? दोन्ही दारं उघडा, खांबावरचं रबर हातानं ओढून काढा. आतली कड सरळ हवी आणि त्यावर कारखान्यातल्या वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर दिसायला हवेत. मग दाराखालची लांब पट्टी, एका टोकाला खाली बसून दुसऱ्या टोकापर्यंत बघा. शेवटी दार हळूच लोटा. उजवं दार जसं बसतं तसंच डावं बसलं पाहिजे, उचलून ढकलावं लागता कामा नये. खांब किंवा ती पट्टी वाकलेली असेल तर काकांना नम्रपणे नाही म्हणा, त्यांनी किंमत कितीही उतरवली तरी. दाराचा पत्रा बदलता येतो. त्या खांबावर तर बाजूनं धडक बसल्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो, आणि मागे डावीकडे आई बसणार आहे.

एअरबॅगचंही बघा. काकांची गाडी २०१७ ची, तेव्हा त्या सक्तीच्या नव्हत्या, पण या गाडीत दोन आहेत असं काका म्हणतात. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझायला हवा. लागलाच नाही किंवा लागून राहिला, तर गडबड आहे.

माझ्या गाडीबद्दल मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी घेतली तेव्हा बॉनेटवर आणि टपावर अंगठ्यानं दाबल्यासारखे पोचेच पोचे होते. गारपिटीत सापडलेली गाडी. निफाडला गारा पडल्या की द्राक्षांच्या घडांवर डाग उठतात, अगदी तसं दिसत होतं. इथे जुन्या गाडीच्या विक्रीच्या करारात अपघात आणि नुकसानीची नोंद करायला रकाना असतो, त्यात मालकानं सरळ लिहिलं होतं. दर दोन वर्षांनी होणाऱ्या सक्तीच्या तपासणीत ती पास झाली, कारण तिथे ब्रेक, चाकं, सांगाडा, गंज बघतात. पोचे अजून तसेच आहेत आणि गाडीनं मला एकदाही रस्त्यात सोडलं नाही.

पैशांचं बोलते. काका २,६०,००० म्हणतायत आणि सातपूरच्या गॅरेजवाल्यानं डेंटिंग-पेंटिंगचे १४,००० सांगितलेत. १४,००० वजा करून मागा, त्याहून जास्त ताणू नका, रोज तोंड दिसणार आहे. आणि काम पावसाच्या आधी करून घ्या. मागच्या दाराच्या खालच्या कडेला रंग उडून नागडा पत्रा दिसतोय, एका पावसाळ्यात तिथे गंज धरेल. रंगाच्या आधी गॅरेजवाल्याला लांबी कमी आणि ठोकून सरळ जास्त करायला सांगा, आणि रंग मारण्यापूर्वी एकदा स्वतः जाऊन बघा.

कागदपत्रांत आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते पाहा, असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हवा. नाव बदलायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. गाडी एमएच-१५ ची, म्हणजे नाशिकचीच आहे, त्यामुळे दुसऱ्या आरटीओच्या एनओसीची भानगड नाही. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी म्हणजे ती नवी सुरक्षा नंबरप्लेट लागणार, बसवलीय का विचारा. इन्शुरन्स १४ दिवसांच्या आत तुमच्या नावावर करायला अर्ज द्या. कंपनीचा माणूस फोटो काढेल, तेव्हा दारं दुरुस्त झालेली असतील तर उत्तम, नाहीतर तो पोचा जुना म्हणून नोंदवतील आणि त्याचा क्लेम कधीच मिळणार नाही.

एखाद्या सकाळी, ऊन व्हायच्या आत, आईला बरोबर घेऊन काकांकडे जा. तिला मागच्या सीटवर दोनदा बसवा, दोनदा उतरवा. मग द्वारका चौकापर्यंत एक चक्कर मारा, ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का बघा. त्या खांबाचा, रबर काढलेला फोटो मला पाठवा, दोन्ही बाजूंचा. मी जागी राहीन.

आणि आई, तू फक्त एवढंच सांग, उतरताना गुडघा दुखला का.

तुमची,
चिऊ