‘संयमात्’ गाळून सिद्धी वाचू नयेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

योगातल्या सिद्धींवरून आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात सध्या हिरिरीने लिहिले जात आहे. ‘पतंजलींनी योगसूत्रांत आकाशगमन सांगितले आहे, म्हणजे ते होतेच’ असे एक बाजू म्हणते. दुसरी बाजू सगळे भाकड ठरवून मोकळी होते आणि मधले काही जण ‘ही रूपके आहेत’ म्हणून वाद मिटवतात. तिन्ही पक्ष सूत्राचा शेवटचा शब्द तेवढा वाचतात, ही माझी तक्रार आहे. विभूतिपादातल्या, म्हणजे योगसूत्रांच्या तिसऱ्या पादातल्या (प्रकरणातल्या), सिद्धी सांगणाऱ्या बहुतेक सूत्रांची घडण ठरलेली आहे: विषय, ‘संयमात्’ (संयम केल्याने) ही पंचमी, आणि त्याचे फळ. ‘चन्द्रे ताराव्यूहज्ञानम्’ (चंद्रावर ताऱ्यांच्या रचनेचे ज्ञान) यात ती पंचमी दिसत नसली, तरी ‘भुवनज्ञानं सूर्ये संयमात्’ (सूर्यावर संयम केल्याने भुवनांचे ज्ञान) या आधीच्या सूत्रातून अनुवृत्तीने, म्हणजे मागचा शब्द पुढे चालू धरून, येते. पंचमी गाळली की उरते ती नुसती चमत्कारांची यादी.

मराठी वाचकाची पहिली फसगत ‘संयम’ या शब्दानेच होते. आपल्या बोलण्यात संयम म्हणजे राग आवरणे, जिभेला लगाम घालणे. पतंजलींकडे ती परिभाषा आहे. तिसऱ्या पादाच्या पहिल्या तीन सूत्रांत धारणा, ध्यान आणि समाधी यांच्या व्याख्या येतात. चौथे सूत्र म्हणते, ‘त्रयमेकत्र संयमः’. चित्त एका ठिकाणी बांधणे ही धारणा. त्याच ठिकाणी तोच प्रत्यय (मनातली वृत्ती) तेलाच्या धारेसारखा वाहत राहणे हे ध्यान. आपण ध्यान करतो आहोत हे भानही जणू ओसरून नुसता विषय उरणे ही समाधी. तिन्ही एकाच विषयावर लागली तर संयम.

पतंजलींनी वेळेचे माप दिलेले नाही. कूर्मपुराणात बाराच्या पटीतले माप आहे: १२ प्राणायामांची एक धारणा, १२ धारणांचे एक ध्यान, १२ ध्यानांची एक समाधी. हेच माप सोपे करून धारणेला १२ सेकंद धरण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने ध्यान २ मिनिटे २४ सेकंदांचे आणि समाधी २८ मिनिटे ४८ सेकंदांची. १२ सेकंद किरकोळ वाटतात. पण चौथ्यापाचव्या सेकंदाला ‘जमले की’ हा विचार डोकावतो आणि धारणा तिथेच सुटते. पुन्हा एकपासून मोजायचे. त्यातच सहावे सूत्र ‘तस्य भूमिषु विनियोगः’, म्हणजे संयम भूमीभूमीने (टप्प्याटप्प्याने) लावावा, असे बजावते. खालची भूमी न जिंकता मधली गाळून वरच्या भूमीवर संयम साधत नाही, हे व्यासभाष्यात, म्हणजे सूत्रांवरच्या व्यासांच्या जुन्या भाष्यात, स्पष्ट लिहिले आहे. दोन दिवसांच्या शिबिरात अमुक सिद्धी मिळवून देतो, असे कोणी सांगत असेल तर त्याला हे एकच सूत्र दाखवावे.

आता फळांकडे. सोळाव्यापासून एकोणतिसाव्यापर्यंतची १४ सूत्रे पाहिली, तर त्यांपैकी १० सूत्रांचे फळ ‘ज्ञान’ आहे. भूत-भविष्याचे ज्ञान, पूर्वजन्माचे ज्ञान, दुसऱ्याच्या चित्ताचे ज्ञान, ताऱ्यांच्या रचनेचे आणि गतीचे ज्ञान, शरीराच्या रचनेचे ज्ञान. म्हणजे या भागात पतंजलींचा भर जाणण्यावर आहे. आणि त्या जाणण्याच्याही मर्यादा त्यांनी आखून दिल्या आहेत, त्या मात्र कोणी सांगत नाही. परचित्तज्ञानाचेच पाहा. एकोणिसाव्या सूत्रात ते सांगून झाल्यावर लगेच विसावे सूत्र येते: ‘न च तत् सालम्बनं तस्याविषयीभूतत्वात्’. समोरच्याचे चित्त आसक्त आहे एवढे योग्याला कळते. ते कशावर आसक्त आहे, हे कळत नाही. कारण योग्याने संयम केला तो त्या चित्तातल्या प्रत्ययावर, त्या प्रत्ययाच्या विषयावर नव्हे. म्हणजे समोरचा अस्वस्थ आहे हे समजेल, पण मुलीच्या लग्नामुळे की कोर्टातल्या दाव्यामुळे, ते या सूत्राच्या बळावर सांगता येणार नाही. ‘मनातले ओळखतो’ म्हणून नावगाव सांगणाऱ्याला निदान पतंजलींचा आधार घेता येत नाही.

पंचमी आणि भाष्य दोन्ही सोडून वाचले की शरीराला इजा होते, म्हणून दोन सूत्रांबद्दल जरा सविस्तर लिहितो.

पहिले ‘भुवनज्ञानं सूर्ये संयमात्’. हे वाचून काही जण उगवत्या किंवा मावळत्या सूर्याकडे टक लावून बसतात, रोज वेळ वाढवत नेतात. व्यासभाष्यात शब्द आहे ‘सूर्यद्वारे’, आणि त्या भाष्याचे टीकाकार वाचस्पती मिश्र त्याचा अर्थ सुषुम्ना ही शरीरातली नाडी असा देतात. डोळे उघडे ठेवून सूर्यबिंबाकडे पाहण्याचा तिथे संबंध नाही. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाहीत, त्यामुळे ते भाजत असताना काहीच दुखत नाही. काही तासांनी नजरेच्या नेमक्या मध्यावर डाग दिसू लागतो, अक्षरे पुसट किंवा वाकडी दिसतात. ती दृष्टी काहींची कायमची जाते.

दुसरे ‘कण्ठकूपे क्षुत्पिपासानिवृत्तिः’. भाष्यात जागा अगदी नेमकी दिली आहे: जिभेखाली तंतू, त्याखाली कंठ, त्याखाली कूप. तिथे संयम केल्यावर भूक-तहान ‘न बाधेते’, बाधत नाहीत. शरीराला अन्नपाण्याची गरज उरत नाही, असे वाक्य तिथे नाही. भुकेची पीडा जाणे वेगळे आणि पाण्यावाचून मूत्रपिंड चालणे वेगळे. निर्जळी राहून सिद्धीची परीक्षा घेऊ पाहणाऱ्याच्या हाती येते ती पाणी कमी पडल्यामुळे आलेली ग्लानी, आणि तिलाच तो अनुभव समजून बसतो. भ्रांतिदर्शन हा पहिल्या पादातल्या नऊ अंतरायांपैकी (विघ्नांपैकी) एक आहे, तो याचसाठी.

‘पतंजलींनी सिद्धींना विघ्न म्हटले आहे’ हे वाक्यही अर्धेच सांगितले जाते. ‘ते समाधावुपसर्गा व्युत्थाने सिद्धयः’ यातला ‘ते’ व्यासांनी आधीच्या सूत्रातल्या सहांकडे जोडला आहे: प्रातिभ (आपोआप स्फुरणारे ज्ञान) आणि श्रावण, वेदना, आदर्श, आस्वाद, वार्ता (अनुक्रमे दिव्य शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध कळणे). शिवाय सूत्र दुहेरी आहे. समाधीत असलेल्या चित्ताला हे उपसर्ग (विघ्ने), बाहेर वळलेल्या चित्ताला ह्याच सिद्धी. एकाच गोष्टीची दोन नावे, चित्त कुठे उभे आहे त्यावरून. सगळ्याच सिद्धी त्याज्य असत्या तर ५५ सूत्रांच्या पादाचा एवढा मोठा भाग पतंजलींनी त्यांच्यावर खर्च केला नसता. पहिल्या पादातल्या पस्तिसाव्या सूत्रावर व्यास त्यांचा उपयोगही सांगतात. नाकाच्या शेंड्यावर धारणा केली तर दिव्य गंध, जिभेच्या टोकावर रस, टाळूवर रूप, जिभेच्या मध्यावर स्पर्श, मुळाशी शब्द. शास्त्रात सांगितलेली एक तरी गोष्ट स्वतःच्या इंद्रियांना कळत नाही, तोवर बाकीचे सारे ऐकीवच राहते आणि बुद्धी ठाम होत नाही, म्हणून हा खटाटोप. प्रचिती ज्याची त्याला. दुसऱ्याने चारचौघांत काही करून दाखवणे आणि आपण हात जोडणे, याला या मांडणीत जागाच नाही.

‘अलौकिक शक्ती’ हा शब्दही इथे बसत नाही. चित्त आणि पंचमहाभूते दोन्ही एकाच त्रिगुणी प्रकृतीचे परिणाम आहेत, त्यामुळे या दर्शनात सिद्धी प्रकृतीच्या बाहेर घडत नाही. चौथ्या पादातले तिसरे सूत्र ‘क्षेत्रिकवत्’, शेतकऱ्याप्रमाणे, म्हणते. एका वाफ्यातले पाणी शेजारच्या वाफ्यात न्यायला शेतकरी ते हाताने ढकलत नाही. तो दारे मोडतो, बांधाची माती बाजूला करतो आणि पाणी आपण होऊन शिरते. निमित्त प्रकृतीला हलवत नाही, आडोसा तेवढा दूर करते. भूतजयानंतर (पंचमहाभूतांवर ताबा मिळाल्यावर) येणाऱ्या आठ सिद्धींबद्दलही व्यासांनी लिहून ठेवले आहे की शक्ती असली तरी योगी पदार्थांची व्यवस्था उलटी करत नाही. (त्यांच्या आठांत ‘गरिमा’ (जड होणे) नाही, ‘यत्रकामावसायित्व’ (संकल्प केला तसे घडणे) आहे. लोकांच्या तोंडी असलेली अष्टसिद्धींची यादी दुसरीकडची आहे.)

सिद्धी म्हणजे मोक्षाचे प्रमाणपत्र, हा समज तर चौथ्या पादाचे पहिलेच सूत्र खोडून काढते. जन्म, औषधी, मंत्र, तप, समाधी अशा पाच मार्गांनी सिद्धी येतात. औषधीनेही येऊ शकते ती गोष्ट माणसाच्या शुद्धीबद्दल काय सांगणार? सहावे सूत्र त्यामुळेच पाचांतून ध्यानज, ध्यानातून आलेले, चित्त वेगळे काढते: तेवढेच अनाशय, म्हणजे वासनांचा साठा नसलेले.

रूपकवाद्यांशी मात्र मी सहमत नाही. पतंजली आणि व्यास यांना हे सारे शब्दशः अभिप्रेत होते, हे भाष्य वाचणाऱ्याला नाकारता येत नाही. आज आपल्याला अवघड वाटते म्हणून आकाशगमनाचे ‘मन हलके होणे’ करणे म्हणजे त्यांच्या तोंडी आपले शब्द घालणे. सूत्राचा अर्थ काय, हा एक प्रश्न. तसे प्रत्यक्षात घडते का, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाला सूत्र हा पुरावा होत नाही, आणि त्याच्या धाकाने पहिल्याचे उत्तर बदलणेही योग्य नाही.

शेवटी एक विनंती. या विषयावरचे लेख छापताना सूत्राचा क्रमांक आणि त्याचा पाठही (कोणत्या आवृत्तीतला, ते) द्यावा. ‘एतेन शब्दाद्यन्तर्धानमुक्तम्’ हे वाक्य काही आवृत्त्यांत स्वतंत्र सूत्र धरले जाते. तिथे तिसऱ्या पादाची सूत्रे ५६ होतात आणि बाविसाव्यापासून पुढचे सारे क्रमांक एकाने सरकतात. मी वर दिलेले क्रमांक ५५ सूत्रांच्या पाठाचे आहेत. गेल्या काही दिवसांतल्या पत्रांत निम्मा गोंधळ, दोन पत्रलेखक एकाच क्रमांकाखाली वेगवेगळी सूत्रे वाचत होते, यातून झाला आहे.

आपला,
योगदर्शनाचा एक अभ्यासक