कल्याणच्या पुलावरून उतरताना

नेरूळ,
दि. ५ जानेवारी २०२५

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

परवा रात्री कल्याणला हावडा मेल येईपर्यंत आपण दोघेही गप्प राहिलो, म्हणून हे पत्र. फोनवर तू "ठीक आहे, बाबा" एवढेच म्हणतेस आणि माझाही पुढचा शब्द घशात अडकतो. गुडघ्याचा विषय काढणार नाही असे तुझ्या आईला कबूल करून लिहायला बसलो आहे, तेव्हा आधी घरचे. आजीने तुझ्यासाठी सांडगे बाजूला काढून ठेवले आहेत. मामा अजून बोलत नाहीत, पण तू पोहोचलीस का हे त्यांनी आईला दोनदा विचारले. दादाने तुमच्या फुटबॉल सामन्यांचे वेळापत्रक स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी चिकटवले आहे.

ते वेळापत्रक मी रोज वाचतो. आठ संघ, प्रत्येकाशी एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या, म्हणजे तुमच्या वाट्याला चौदा सामने. इंडियन विमेन्स लीग २०१७ मध्ये पहिल्यांदा खेळली गेली तेव्हा तू शाळेत होतीस. पुढेही कितीतरी वर्षे सगळे संघ एका शहरात जमून काही आठवड्यांत स्पर्धा उरकत असत. आपापल्या मैदानावर खेळण्याची पद्धत गेल्या मोसमात आली, आणि त्याच मोसमात ओडिशाने गोकुलम केरळची लागोपाठ तीन विजेतेपदांची मालिका थांबवली. प्रत्येक संघातल्या किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान तीन लाख वीस हजार रुपये मिळावेत असे फुटबॉल महासंघाने २०२३ मध्ये ठरवले, तेव्हा ती बातमी तूच मला मोठ्याने वाचून दाखवली होतीस. बँकेच्या परीक्षेचा अर्ज मी त्या दिवशी कपाटात ठेवला तो पुन्हा काढलेला नाही. गाळ्यावरचे माथाडी आता पोरीचा सामना कधी आहे असे विचारतात, आणि तारीख सांगताना माझा आवाज नकळत चढतो.

पण चौदाच सामने, सायली. जन्मभर मी गाळ्यावर कांद्याच्या विक्रीच्या हिशेबपट्ट्या लिहिल्या आहेत, आकडा दिसला की त्याच्या मागचे दिसते. तीन सामने बाहेर बसावे लागले तर मोसमाचा पाचवा हिस्सा गेला, तुझ्या जागी दुसरी मुलगी उभी राहिली आणि पुढच्या वर्षीच्या कराराचा प्रश्न निर्माण झाला. असा हिशेब समोर असताना कोणतीही मुलगी दुखणे लपवील, आणि तू तर लहानपणापासून लपवत आली आहेस. पुलावरून उतरताना तू प्रत्येक पायरीवर आधी डावा पाय टेकवत होतीस आणि मग उजवा त्याच्याशेजारी आणत होतीस. मी विचारले ते चार माणसांत विचारायला नको होते. "प्रत्येक वेळी तेच का, बाबा?" असे म्हणून तू डब्यात चढलीस आणि मी खिडकीपाशी आलो तरी वळून पाहिले नाहीस.

ते उतरणे मी ओळखतो. ३० ऑक्टोबर २०२२ च्या रात्री डी. वाय. पाटील स्टेडियमच्या पायऱ्या तू अशीच उतरली होतीस. सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता, तुझ्या शस्त्रक्रियेला तीन महिनेही झाले नव्हते आणि पायाला मांडीपर्यंत ब्रेस होता. शेवटच्या दहा मिनिटांत कोलंबियाच्या बचावपटूकडून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला आणि स्पेन १-० ने जिंकले. सगळे स्पॅनिश मुलींकडे पाहत होते, तू मात्र त्या एकटीकडे पाहत राहिलीस आणि म्हणालीस, "ही पुन्हा खेळेल, बाबा." मी तेव्हा काही बोललो नाही, कारण ते तू कोणाविषयी म्हणत आहेस हे मला समजले होते.

आणखी एक गोष्ट मी कधी बोललेलो नाही. सेक्टरमधल्या सिडकोच्या मैदानावर तुमचा सराव सुरू होण्याआधी मी कांद्याची रिकामी गोणी घेऊन खडी वेचत असे. अर्धी गोणी सहज भरायची. तुझा गुडघा गेला त्या दिवशी गाळ्यावर महिनाअखेरचे हिशेब होते आणि मी आलो नव्हतो. ही लिगामेंटची, म्हणजे गुडघ्यातली हाडे बांधून ठेवणाऱ्या पट्टीची, दुखापत बहुतेक वेळा कोणी न धडकता, नुसत्या वळण्याने होते, मुलांपेक्षा मुलींना जास्त होते, त्याचा खड्यांशी संबंध नाही, हे डॉक्टरांनी मला कागदावर आकृती काढून समजावले होते. मला ते पटलेही आहे. तरी मैदानाजवळून जाताना माझी नजर खाली जाते.

म्हणून सांगतो. फिफाच्या डॉक्टरांनी बसवलेला तो वीस मिनिटांचा वॉर्मअप घाई असली तरी अर्धवट सोडू नकोस. सूज आली तर ती प्रशिक्षकांच्या आधी फिजिओला कळू दे. वेदनाशामक गोळी घेऊन मैदानात उतरू नकोस, गोळीने दुखणे कळेनासे होते, गुडघा तसाच राहतो. एकदा शिवलेला पाय दुसऱ्यांदा... हे भाषणच झाले, क्षमा कर. तुझ्या शरीराची तुला माझ्यापेक्षा अधिक जाण आहे आणि नऊ महिने वेदना सोसून त्याला पुन्हा पळायला शिकवले ते तू, मी फक्त रिक्षा आणत होतो. रोज संध्याकाळी टाच कमरेखाली ओढताना तू चादरीचे टोक दातांत धरायचीस. ती चादर आई अजून वापरू देत नाही.

तू खेळू नयेस असे मला परवा वाटले नव्हते आणि आजही वाटत नाही. तुला मात्र तसे वाटले असावे, आणि त्याला माझ्या बोलण्याची पद्धत कारणीभूत आहे. तू उजव्या बाजूने चेंडू घेऊन निघतेस तेव्हा मी श्वास धरून बसतो, त्यात भीती किती आणि आनंद किती हे मला वेगळे करता येत नाही.

दर सामन्यानंतर दोन्ही गुडघे शेजारी शेजारी ठेवून एक फोटो आईला पाठवत जा. खाली काही लिहू नकोस, मीही काही विचारणार नाही. रात्री तिच्या फोनवर पाहून घेईन.

कळावे.

तुझा,
बाबा